सोन्याचे खिशातील घड्याळ : पारख व मूल्यांकन

सोन्याचे खिशातील घड्याळ (पारख व मूल्यांकन) : सोन्याच्या आवरणातील, साखळीने कोटाला अडकवायच्या जुन्या घड्याळाचा काळ, बनावट, सोन्याची शुद्धता व किंमत ठरवण्याची रीत. गोव्यात वारसाहक्काने आलेल्या अशा घड्याळाचा प्रश्न बहुधा वाटणीच्या वेळी निघतो. ते आधी सोनाराकडे जाते आणि तेथे वजनावर तोलले जाते. ही नोंद मुख्यतः त्या तोलण्यापूर्वी काय पाहावे याविषयी आहे.

उगम : अंगावर बाळगता येणारे घड्याळ प्रथम कोणी केले याविषयी मतभेद आहेत. न्युरेंबर्गचा कारागीर पेटर हेनलाइन (मृत्यू 1542) याच्याकडे हा मान परंपरेने जातो. योहानेस कोख्लेउस या जर्मन विद्वानाने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी हेनलाइनच्या, छातीशी किंवा बटव्यात बाळगता येणाऱ्या व सुमारे 40 तास चालणाऱ्या घड्याळांचे वर्णन केले, हा त्याचा मुख्य आधार. मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इटालियन पत्रांतही लहान घड्याळांचे उल्लेख असल्याचे सांगितले जाते. हेनलाइन हा आरंभीच्या अनेक कारागिरांपैकी एक होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. न्युरेंबर्गच्या संग्रहालयातील, 1510 सालचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘हेनलाइन घड्याळ’ अलीकडच्या तपासणीत बऱ्याच अंशी नंतर जुळवलेले ठरले. संग्रहालयातील वस्तूची ही गत, तेव्हा घरच्या कपाटातील घड्याळावर कोरलेले नाव तपासल्याशिवाय स्वीकारू नये. निश्चित तारखेच्या जुन्या घड्याळांत 1530 सालचे, जर्मन धर्मसुधारक मेलांखथॉनच्या मालकीचे घड्याळ महत्त्वाचे असून ते बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे.

गोव्याचा यांत्रिक घड्याळांशी संबंध सोळाव्या शतकापासून सांगितला जातो. 1549 मध्ये गोव्याहून जपानकडे निघालेल्या फ्रान्सिस झेवियरने 1551 च्या सुमारास यामागुचीच्या औची योशिताका या सरदाराला इतर भेटींबरोबर यांत्रिक घड्याळ दिले. ते मोठे, ठेवायचे घड्याळ असावे. त्यावरून खिशातील घड्याळांची परंपरा गोव्यात तेवढी जुनी मानणे योग्य नाही. आज हाती येणारी बहुतेक घड्याळे 1860 नंतरच्या सुमारे 70 वर्षांतील, स्विस, इंग्रजी किंवा अमेरिकी बनावटीची असतात. मुंबईत, पूर्व आफ्रिकेत वा बोटीवर नोकरी करून परतलेल्या गोवेकरांबरोबर ती येत गेली असावीत. फाव्र-ल्युबा या स्विस पेढीने 1865 पासून भारतात व्यापार सुरू केला होता. पोर्तुगालमध्ये खिशातील घड्याळांचा मोठा उद्योग उभा राहिला नाही. त्यामुळे तबकडीवरील लिस्बन किंवा पोर्तोचे नाव सामान्यतः विक्रेत्याचे समजावे.

यंत्रावरून काळ : झाकण उघडून आतील यंत्र पाहिल्याशिवाय केलेली पारख अपुरी. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स या डोलणाऱ्या चाकाची गती नियमित ठेवणारी बारीक स्प्रिंग, 1675 मध्ये हायगेन्सने प्रसिद्ध केली (हूकने तिच्यावर हक्क सांगितला होता). तिच्यामुळे मिनिटकाटा उपयोगी ठरला. व्हर्ज या जुन्या प्रकारची एस्केपमेंट (चाकांची गती ठोक्याठोक्याने सोडणारी रचना) व बारीक साखळीने फिरणारा शंकू, म्हणजे फ्युझी, असलेले यंत्र ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे. सिलिंडर एस्केपमेंट ग्रॅहमने 1726 च्या सुमारास सुधारली. लिव्हर एस्केपमेंट थॉमस मजने 1755 च्या सुमारास काढली, पण ती सर्रास वापरात यायला पुढचे शतक उजाडले. सुट्या चावीऐवजी डोक्यावरच्या बोंडाने चावी देण्याची आद्रिएं फिलिपची पद्धत 1840 च्या दशकातील. म्हणून बोंडाचे घड्याळ ‘पणजोबांच्या पणजोबांचे, अठराव्या शतकातले’ असे घरात सांगत असले, तर ते बोंड नंतर बसवले आहे का, हे आधी पाहावे लागते.

बाह्य रूपावरूनही प्रकार कळतो. उघड्या तबकडीच्या प्रकारात बोंड 12 वर असते. झाकणाच्या, म्हणजे सावोनेत किंवा हंटर प्रकारात ते 3 वर असते. दोन्हींत सेकंदाची छोटी तबकडी 6 वर येते. उघड्या तबकडीच्या घड्याळात बोंड 3 वर दिसले, तर झाकणाच्या घड्याळाचे यंत्र दुसऱ्या आवरणात बसवल्याचा संशय घ्यावा, अर्थात काही कारखान्यांनी तसे मुळातही केले आहे. झाकणाच्या घड्याळाचे असेच यंत्र आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मागणीवरून मनगटी घड्याळात घातले.

नावांची नक्कल जुनीच आहे. अठराव्या शतकात युरोपीय भूखंडावर तयार झालेल्या घड्याळांवर ‘विल्टर, लंडन’, ‘टार्ट्स, लंडन’ अशी नावे कोरली जात. यातील खूण बॅलन्सवरच्या, त्याचा आस धरणाऱ्या नक्षीदार कॉकमध्ये सापडते. इंग्रजी कॉक एकाच पायावर उभा असतो, तर भूखंडावरचा दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेला, पुलासारखा असतो. लंडनचे नाव आणि दोन पायांचा कॉक ही जोडी दिसली की नाव खोटे असण्याचा संभव मोठा. अमेरिकी यंत्रांचे काम सोपे आहे. वॉल्थम (स्थापना 1850) व एल्जिन (1864) यांच्या यंत्रावरील क्रमांकावरून निर्मितीचे वर्ष कोष्टकात मिळते. क्रमांक यंत्रावरचाच घ्यावा, कारण आवरणावरचा क्रमांक बहुधा आवरण करणाऱ्याचा असतो.

आवरणावरील ठसे : स्वित्झर्लंडच्या डिसेंबर 1880 च्या कायद्यानंतर 18 कॅरटसाठी हेल्वेशिया देवीचे मस्तक व 14 कॅरटसाठी खार हे ठसे आले. अस्वल किंवा रानकोंबडा दिसला तर आवरण चांदीचे, वर सोन्याचा मुलामा असला तरी. फ्रेंच 18 कॅरटचा ठसा गरुडाच्या डोक्याचा. इंग्लंडमध्ये 22 कॅरटच्या सोन्यावर 1844 पर्यंत चांदीवरचाच चालता सिंह मारत. त्यामुळे सिंह पाहून पिवळे आवरण मुलाम्याचे ठरवणे घातक ठरते. 18 कॅरटवर 1798 पासून मुकुट असतो. 9, 12 व 15 कॅरट 1854 पासून मान्य झाले, आणि शेवटचे दोन 1932 मध्ये जाऊन त्यांच्या जागी 14 आले. म्हणजे 15 कॅरटचा इंग्रजी ठसा आपोआपच त्या 78 वर्षांतला. वर्षाचे अक्षर व शहराची खूण (लंडनचे बिबट्याचे डोके, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर) वाचता आली की साल नेमके निघते.

गोव्यात 19.2 कॅरटचा घोळ नेहमी होतो. हजारी 800, म्हणजेच 19.2 कॅरट, ही पोर्तुगीज दागिन्यांची पारंपरिक शुद्धता आहे, आणि लिस्बन व पोर्तो येथील सरकारी कसकेंद्रे ती ठशाने प्रमाणित करीत. पण घड्याळाचे आवरण स्वित्झर्लंडहून आलेले असेल तर ते सहसा 18 किंवा 14 कॅरटचे असते. पोर्तुगीज काळातले म्हणून 19.2 धरून केलेला हिशेब त्यामुळे चुकतो. आतल्या धूळझाकणावर ‘क्युव्र’ किंवा ‘मेताल’ असे कोरलेले असेल तर तेवढा भाग तांब्याचा अथवा साध्या धातूचा असतो. अमेरिकी आवरणावर 14 कॅरटबरोबर 20 किंवा 25 वर्षांची हमी कोरलेली असेल, तर ते भरीव सोने नव्हे, हलक्या धातूवर चढवलेला पत्रा आहे. हमी त्या पत्र्याच्या टिकाऊपणाची असते.

कस लावायचाच झाला तर कसोटीची रेघ झाकणाच्या आतल्या कडेने ओढावी. बाहेरची नक्षी घासू देऊ नये. एक्स-रे यंत्राने होणारी तपासणी अधिक सुरक्षित, परंतु ती पृष्ठभागाचीच शुद्धता सांगते.

मूल्य : धातूची किंमत ही तळरेषा. समजा घड्याळ 92 ग्रॅम भरले आणि यंत्र, काच व पोलादी स्प्रिंगा मिळून 40 ग्रॅम निघाल्या, तर उरलेल्या 52 ग्रॅमपैकी 18 कॅरटच्या हिशेबाने शुद्ध सोने 39 ग्रॅम, म्हणजे जुन्या 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने साडेतीन तोळ्यांहून थोडे कमी. धूळझाकण साध्या धातूचे व 10 ग्रॅमचे असेल तर ते 31.5 ग्रॅमवर येते. साखळी वेगळी तोलावी. इंग्रजी साखळीत बहुधा प्रत्येक कडीवर ठसा असतो. मोडीच्या भावाने सोनार यातून तूट वजा करतो.

तळरेषेच्या वरची किंमत यंत्राची जात, कर्त्याचे नाव, मूळपण व इतिहास यांवर अवलंबून असते. साध्या सिलिंडर यंत्राचे घड्याळ मोडीच्या भावापेक्षा फारसे वर जात नाही. कळ दाबताच तास-मिनिटे वाजवणारे मिनिट रिपीटर, स्टॉपवॉच असलेले क्रोनोग्राफ किंवा मोठ्या कर्त्याचे घड्याळ अनेक पटींनी जाते. टोकाचे उदाहरण पाटेक फिलिपने हेन्री ग्रेव्हजसाठी केलेल्या 24 करामतींच्या, म्हणजे वेळ दाखवण्यापलीकडची 24 कामे करणाऱ्या, घड्याळाचे. नोव्हेंबर 2014 मध्ये जिनिव्हात त्याला 2 कोटी 30 लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमत आली. सोन्याचा त्यातला वाटा नगण्य होता. इतिहासाचे मोल महात्मा गांधींच्या झेनिथ घड्याळात दिसते. ते चांदीचे होते. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते चष्मा, चपला व ताट-वाटीसह 18 लाख डॉलरना गेले. घराण्याची आद्याक्षरे किंवा पोर्तुगीजमधील अर्पणाक्षरे बाजारात किंमत थोडी उतरवतात. पण त्यांसोबत त्या व्यक्तीचे छायाचित्र, पत्र वा पावती असेल तर तीच अक्षरे मोलाची ठरतात. ती पॉलिशने घासून काढणे हे भरून न येणारे नुकसान आहे.

गोव्याच्या हवेत सोन्याला काही होत नाही, पण पावसाळ्यातील दमटपणा व खारट वारा पोलादी भागांना गंज चढवतो. निळे केलेले स्क्रू, हेअरस्प्रिंग आणि बोंडाचा दांडा आधी जातात. मीनाकारीच्या पांढऱ्या तबकडीतील केसासारखी चीर किंमत कमी करते. अनेक वर्षे बंद असलेल्या घड्याळाला चावी देऊन ‘चालते का’ पाहू नये. सुकलेल्या तेलावर फिरलेल्या चाकांच्या आसांची टोके झिजतात. जाणत्या घड्याळजीकडून उघडून घ्यावे आणि त्याच वेळी यंत्र, ठसे व क्रमांक यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

कायदा : जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या भारतीय हॉलमार्कमधून घड्याळे वगळली आहेत. म्हणून ठसा नाही एवढ्यावरून विक्री अडत नाही. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, विज्ञान वा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. परदेशी लिलावाचा विचार असणाऱ्यांनी आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अभिप्राय घ्यावा. वस्तू शंभर वर्षांची नसल्यास ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला त्याच खात्याकडून मिळतो, आणि तेथेही वय सिद्ध करायला यंत्राचा क्रमांक व आवरणावरचे ठसेच उपयोगी पडतात.