सीडीच्या आवाजातल्या ‘पायऱ्या’

सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला असतो, म्हणून एलपीच (सुईने वाजणारी तबकडी) मूळ गाण्याशी प्रामाणिक, हा समज १९८२ मध्ये सीडी बाजारात आल्यापासून टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणाक्षणाची मोजमापे, घेतले की त्याच्या निम्म्याहून कमी वारंवारतेच्या, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच्या, लहरी पुन्हा अखंड उभ्या करता येतात. पायऱ्या दिसतात त्या हे नमुने कागदावर काढून दाखवणाऱ्या आकृतीत, स्पीकरच्या तारेत नव्हे. उलट एलपीची सुई लेबलाजवळ येते तसा तिच्याखालच्या खाचेचा वेग निम्म्याच्या आसपास उतरतो आणि तबकडीच्या त्या बाजूच्या शेवटी आलेली द्रुत तान नेमकी तिथेच किंचित फाटते. एलपीची ती ऊब मलाही आवडते. मात्र ती बरीचशी मूळ ध्वनीत मागाहून मिसळलेली असते.