सेंट जॉन्स फुटबॉल, २००३ चा सीझन (एनसीएए डिव्हिजन थ्री)

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल इथं असलेल्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा २००३ सालचा सीझन. टीमने १४ पैकी १४ मॅच जिंकल्या, डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, सलग ५५ मॅच न हरता आलेल्या माउंट युनियनला फायनलमध्ये २४-६ असं हरवलं, आणि मध्येच ८ नोव्हेंबरला कोच जॉन गलार्डी यांच्या नावावर ४०९ वा विजय जमा झाला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमध्ये तोपर्यंत कुठल्याच कोचने जिंकल्या नव्हत्या इतक्या मॅच. हा सीझन बहुतेक ठिकाणी त्या ४०९ साठीच नोंदलेला सापडतो. खेळ म्हणून बघायचं तर मात्र डिसेंबरमधली फायनल जास्त वजनाची आहे, असं धरायला हरकत नाही.

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, आणि तिची डिव्हिजन थ्री १९७३ पासूनची. त्याआधी छोट्या कॉलेजांचा एकच गट होता, तो फोडून टू आणि थ्री असे दोन केले. वरच्या गटाचे, म्हणजे डिव्हिजन वनचे, वन-ए आणि वन-डबल-ए हे तुकडे त्यानंतर, १९७८ मध्ये झाले. थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, पोरगं कितीही भारी खेळत असलं तरी फी भरूनच खेळतं (गरजेप्रमाणे किंवा मार्कांवर मिळणारी मदत वेगळी, ती सगळ्याच विद्यार्थ्यांना मिळू शकते). २००३ मध्ये प्लेऑफला (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांना) २८ टीम घेत होते. पाच राउंड, त्यातल्या चार टीमना पहिल्या राउंडला बाय (म्हणजे न खेळताच पुढे चाल), आणि फायनल म्हणजे स्टॅग बोल, जो त्या काळात व्हर्जिनियातल्या सेलम गावात व्हायचा. त्याच सीझनला सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये प्लेऑफच नव्हता, त्यामुळे एलएसयू आणि यूएससी असे दोन-दोन चॅम्पियन झाले आणि त्यावरून लोक कितीतरी दिवस भांडत बसले. खालच्या डिव्हिजनला तो प्रॉब्लेम नाही, तिथं मैदानात जिंकेल तोच चॅम्पियन.

सेंट जॉन्स हे बेनेडिक्टाइन मठाचं पुरुषांचं कॉलेज, १८५७ सालचं. मुलींचं सेंट बेनेडिक्ट कॉलेज शेजारच्या सेंट जोसेफ गावात आहे. आर्किटेक्चरवाल्यांना हे ठिकाण मार्सेल ब्रॉयरने बांधलेल्या मठाच्या चर्चमुळे माहीत असतं. मैदान क्लेमेन्स स्टेडियम, वापरात १९०८ पासून, झाडांनी वेढलेला नैसर्गिक खोलगट भाग आहे त्यात बसवलेलं. टीमला सगळे जॉनीज म्हणतात आणि ती एमआयएसी या मिनेसोटातल्याच कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्ये खेळते.

गलार्डींचा जन्म १९२६ चा, कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावातला. १९४३ मध्ये त्यांच्या हायस्कूलचे कोच महायुद्धात भरती झाले, टीम बंद पडायची वेळ आली, तेव्हा १६ वर्षांच्या गलार्डींनी स्वतःच टीम चालवायला घेतली. तिथून १९४९ ला मोंटानातलं कॅरल कॉलेज, १९५३ ला सेंट जॉन्स, आणि मग २०१२ पर्यंत दुसरीकडे कुठं गेलेच नाहीत. त्यांची पद्धत म्हणजे नकारांची यादी होती: प्रॅक्टिसमध्ये टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) नाही, शिट्टी नाही, ढकलायचे जड स्लेड नाहीत, सक्तीचं वेट ट्रेनिंग नाही, शिक्षा म्हणून पळवणं नाही, ‘कोच’ म्हणायचं नाही तर नुसतं जॉन म्हणायचं, आणि टीममध्ये यायला आलेल्या कुणाला काढायचंही नाही, त्यामुळे रोस्टरवर दीडशेच्या वर पोरं असायची. प्रॅक्टिस दीड तासाच्या आत आटपायची. डास फार झाले किंवा थंडी फार पडली की तीही रद्द. वॉर्मअपला काय, तर सगळी पोरं गवतावर उताणी पडून शेजारच्याला म्हणायची, काय मस्त दिवस आहे रे आज. बाहेरून बघणाऱ्याला ही चेष्टाच वाटायची, आणि थोडी होतीही, कारण कवायतीच्या फुटबॉलची टर उडवणं हाच त्यातला हेतू होता.

ही पद्धत नेमकी कधी पक्की झाली याबद्दल एकमत नाही. एक बाजू सगळं श्रेय १९४३ च्या हायस्कूलच्या टीमला देते. जुने कोच प्रॅक्टिसमध्ये पाणी पिऊ द्यायचे नाहीत, व्यायामाने पोरांना पिळून काढायचे, आणि ते गेल्यावर गलार्डींनी पहिल्याच फटक्यात हे सगळं बंद केलं असं ते सांगतात (गलार्डी स्वतःही मुलाखतींत असंच सांगायचे). दुसरी बाजू म्हणते की टॅकल पूर्ण बंद होणं ही पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने झालेली गोष्ट. यातलं दुसरं जास्त शक्य वाटतं, पण पाणी आणि कवायत यांच्यापुरती १९४३ ची गोष्ट खरी धरायला अडचण नाही.

आता ४०९ चा हिशेब, कारण सगळा घोळ तिथंच आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये कोचचे विजय मोजायचा धंदा जुना, आणि प्रत्येक आकड्याच्या पोटात कुठल्या मॅच धरायच्या हा प्रश्न असतोच. क्रिकेटवाले जसे जॅक हॉब्जची फर्स्ट क्लास शतकं १९७ की १९९ यावर अजून घासाघीस करतात तसंच हे. १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंटनी ३१५ वा विजय मिळवला तेव्हा त्यांनी अमोस अलोन्झो स्टॅग यांचा ३१४ चा विक्रम मोडला असं जाहीर झालं. त्या वेळी पॉप वॉर्नर यांचा आकडा ३१३ धरायचे, नंतर जुन्या मॅच शोधून तो ३१९ करण्यात आला, म्हणजे त्या दिवशी मोडला तो विक्रम नव्या हिशेबाने विक्रमच नव्हता. ब्रायंट ३२३ वर थांबले आणि ३१९ च्याही पुढे गेले होते, म्हणून हा वाद पुढे कुणी फार ताणला नाही.

खरी धुसफूस झाली ती १९८५ ला. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगचे एडी रॉबिन्सन यांनी ५ ऑक्टोबरला प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विरुद्ध ३२४ वा विजय मिळवून ब्रायंटना मागे टाकलं. ग्रॅम्बलिंग कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक कॉलेज, खेळायचं वन-डबल-ए मध्ये, आणि लगेच कुजबुज सुरू झाली की खालच्या डिव्हिजनचे विजय ब्रायंटच्या विजयांशेजारी कसे काय मांडायचे. यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: रॉबिन्सननी १९४१ ला सुरुवात केली तेव्हा दक्षिणेतली मोठी गोऱ्यांची कॉलेजं या टीमशी खेळतच नव्हती, त्यामुळे वरच्या दर्जाच्या मॅच खेळल्या नाहीत हा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. एनसीएएने सगळे विजय एकत्र धरले. रॉबिन्सन १९९७ ला रिटायर झाले तेव्हा त्यांचा आकडा होता ४०८.

गलार्डींचा हिशेबही असाच जोडाजोडीचा. त्यांच्या ४०९ मध्ये कॅरल कॉलेजचे २४ विजय आहेत आणि उरलेले ३८५ सेंट जॉन्सचे. त्यातही सेंट जॉन्स आधी एनएआयए या वेगळ्या संघटनेत खेळायचं, १९६३ आणि १९६५ ची दोन राष्ट्रीय विजेतेपदं तिथलीच (१९६३ ला फायनलमध्ये हरलेली टीम म्हणजे प्रेअरी व्ह्यूच, १९६५ ला लिनफील्ड), तर १९७६ चं डिव्हिजन थ्रीचं. म्हणून २००३ चं विजेतेपद कुणी चौथं लिहितं, कुणी एनसीएएपुरतं दुसरं लिहितं, दोन्ही बरोबरच. फक्त एकाच डिव्हिजनचे विजय मोजायचा हट्ट धरला तर ना रॉबिन्सनचा आकडा टिकतो ना गलार्डींचा, पण तसं केलं तर १९७३ आधीच्या कुणाचाच हिशेब धड लागत नाही, म्हणून चार वर्षांच्या कॉलेजांतले सगळे विजय एकत्र धरायचे ही एनसीएएची पद्धत त्यातल्या त्यात कमी वाईट म्हणावी लागते.

या आकड्याला पुढे एक विचित्र जोडीदार मिळाला. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे कोच जो पॅटर्नो यांनी २९ ऑक्टोबर २०११ ला इलिनॉयविरुद्ध ४०९ वा विजय मिळवला. पुढच्या वर्षी तिथल्या लैंगिक अत्याचार प्रकरणात एनसीएएने १११ विजय रद्द करून त्यांना २९८ वर आणलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये तडजोडीत ते परत दिले. त्यामुळे नुसतं ‘४०९’ म्हटलं की अमेरिकेत बऱ्याच जणांना आधी पॅटर्नो आठवतात, कॉलेजव्हिलचं ४०९ मागे पडतं.

सीझनची सुरुवात गलार्डींच्या ४०० विजयांवर झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मॅचबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, टीम जिंकत गेली आणि वर्तमानपत्रं आकडा मोजत गेली. १ नोव्हेंबरला गलार्डींचा ७७ वा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी जुने दुश्मन सेंट थॉमस यांना हरवून ४०८ ची बरोबरी झाली. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर बेथेल. बेथेलही त्या वर्षी कॉन्फरन्सच्या विजेतेपदाच्या शर्यतीत होतं, त्यामुळे हा नुसता सत्काराचा कार्यक्रम नव्हता. तेरा हजारांच्या वर लोक आले, जे त्या कॉलेजच्या एकूण पोरांच्या कितीतरी पट झाले, आणि मॅच शेवटपर्यंत लटकत राहून सेंट जॉन्स २९-२६ असं जिंकलं. विक्रम तीन पॉइंटने झाला.

प्लेऑफमध्ये पहिला राउंड बाय, मग सेंट नॉर्बर्ट, मग ओरेगनचं लिनफील्ड (३१-२५, प्लेऑफमधली सगळ्यात अटीतटीची हीच), मग सेमीफायनलला न्यू यॉर्कमधलं रेन्सेलिअर पॉलिटेक्निक, ३८-१०.

२० डिसेंबरच्या स्टॅग बोलमध्ये समोर माउंट युनियन, ओहायोतल्या अलायन्स गावचं कॉलेज, कोच लॅरी केरस. ही टीम म्हणजे त्या काळातली डिव्हिजन थ्रीची भिंत होती. १९९६ ते १९९९ मध्ये त्यांनी सलग ५४ मॅच जिंकल्या होत्या आणि ओक्लाहोमाचा १९५७ पासूनचा सलग ४७ चा विक्रम मोडला होता. १९९९ च्या सेमीफायनलला रोवनने ती मालिका ओव्हरटाइममध्ये तोडली, तर २००० पासून यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं आणि ५५ पर्यंत नेलं. ओक्लाहोमाचे विजय मोठ्या कॉलेजांविरुद्धचे, यांचे छोट्यांविरुद्धचे, त्यामुळे दोन आकडे एका ओळीत लिहायचे का हा वाद इथंही आहेच, पण दोन मालिकांच्या १०९ विजयांमध्ये फक्त एक हार, हे कुठल्याही डिव्हिजनमध्ये सोपं नाही. सेंट जॉन्सला तर त्यांचा जुना अनुभव होता. २००० च्या स्टॅग बोलमध्ये १०-७ असं हरले होते आणि २००१ च्या सेमीफायनललाही माउंट युनियननेच बाहेर काढलं होतं.

त्यामुळे २४-६ हा स्कोर बऱ्याच जणांना उलटा छापलाय की काय असं वाटला असणार. जॉनीजचा मुख्य खेळाडू वाइड रिसीव्हर (पुढे पळत जाऊन पास पकडणारा) ब्लेक इलियट, ज्याला त्या वर्षी डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी मिळाली. ती ट्रॉफी १९९३ पासून गलार्डींच्याच नावाने देतात, म्हणजे कोचच्या नावाची ट्रॉफी कोचच्याच पोराला. माउंट युनियनला अख्ख्या मॅचमध्ये ६ पॉइंट, हे डिफेन्सचं काम. चौथ्या क्वार्टरमध्ये माउंट युनियन पार गोल लाइनच्या तोंडाशी आलेलं असताना जॉनीजच्या माइक झौहरने त्यांचा पास मध्येच पकडला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० यार्ड पळत जाऊन टचडाउन (६ पॉइंटचा स्कोर) केला. तिथं मॅच संपली. आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये एकदाही टॅकल न केलेल्या टीमने त्या काळातल्या सगळ्यात जबर ऑफेन्सला ६ पॉइंटवर अडवून ठेवलं, आणि गलार्डींच्या पद्धतीवर शंका घेणाऱ्यांना देण्यासारखं उत्तर खरंतर हे होतं, ४०९ नव्हे, कारण मोठा आकडा नुसता खूप वर्षं टिकून राहिल्यानेही होतो.

सीझन संपला तेव्हा गलार्डींचा आकडा ४१४ होता. २०१२ ला रिटायर होताना तो ४८९ विजय, १३८ हार, ११ बरोबरी असा झाला. २०१८ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले. माउंट युनियन २००५ आणि २००६ ला पुन्हा चॅम्पियन झालं. ज्यांना हरवून ४०८ झाले होते ते सेंट थॉमस पुढे इतकं जोरात गेलं की २०१७ मध्ये त्यांनी सेंट ओलाफला ९७-० ने हरवलं, २०१९ मध्ये बाकीच्या कॉलेजांनी त्यांना कॉन्फरन्समधून बाहेर पडायला लावलं, आणि २०२१ पासून ते मधली डिव्हिजन टू सोडून थेट डिव्हिजन वनमध्ये खेळतात.