यलोस्टोनमधील हिवाळी पर्यटन आणि छायाचित्रण

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालणारी बर्फातील भटकंती आणि तिच्या जोडीने रुजलेली निसर्गछायाचित्रणाची परंपरा. उद्यानाचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात असून थोडा माँटाना व आयडाहो राज्यांत मोडतो. स्थापना १ मार्च १८७२. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौ. किमी. बराचसा प्रदेश समुद्रसपाटीपासून २,००० मी.पेक्षा उंच आहे. येथील थंडी कोणत्या थराला जाते हे ९ फेब्रुवारी १९३३ च्या नोंदीवरून कळते : त्या दिवशी उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराजवळ पारा उणे ५४° से.पर्यंत उतरला होता.

उन्हाळ्यात येथे मोटारींच्या रांगा लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र आतले बहुतेक रस्ते मोटारींना बंद होतात, ते एप्रिलच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने उघडतात. अपवाद एकच : उत्तरेकडील गार्डिनरहून मॅमथ आणि लामार खोऱ्यातून कुक सिटीला जाणारा रस्ता. त्यावरचा बर्फ हिवाळाभर हटवला जातो. पुढचा बेअरटूथ घाट बर्फाखाली गेलेला असतो, त्यामुळे कुक सिटीला पोचलेल्या मोटारीला आल्या वाटेनेच परतावे लागते. ओल्ड फेथफुल या गायझरकडे (ठरावीक वेळाने उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे) किंवा यलोस्टोन नदीच्या घळईकडे जायचे तर स्नोकोच (बर्फावर चालणारी प्रवासी गाडी) किंवा स्नोमोबिल (बर्फावर चालणारी, मोटारसायकलसारखी छोटी गाडी) हवी, नाहीतर पायात स्की. हिवाळी यलोस्टोनची बहुतेक चित्रे आणि त्यावरचे बहुतेक वाद या बंद रस्त्यांतूनच जन्मले आहेत.

उद्यानाच्या अंतर्भागातील हिवाळ्याची पहिली छायाचित्रे फ्रँक जे हेन्स याच्या नावावर आहेत. जानेवारी १८८७ मध्ये ध्रुवप्रदेशाचा प्रवासी फ्रेडरिक श्वाट्का याने काढलेल्या मोहिमेत तो छायाचित्रकार म्हणून सामील झाला. श्वाट्काची तब्येत ढासळली आणि उद्यानातील नॉरिस या ठिकाणाहून त्याला पुढे जाता आले नाही. हेन्सने तीन साथीदारांसह प्रवास चालू ठेवला. माउंट वॉशबर्नच्या उतारांवर हिमवादळात चौघे वाट चुकले आणि जेमतेम जीव वाचवून खाली उतरले. २९ दिवसांत सुमारे ३२० किमी. अंतर त्यांनी कापले. वाटेत तापमान उणे ४७° से.पर्यंत घसरले होते. मोहिमेचा नेता परतला तरी तिची छायाचित्रे मात्र आली, हा या कथेतला गमतीचा भाग. गोठलेले धबधबे आणि वाफेने पांढरी झालेली झाडे लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती या चित्रांतून.

मार्च १८९४ मध्ये हेन्स पुन्हा हिवाळी दौऱ्यावर होता. सोबत ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचा वार्ताहर एमर्सन हफ. नेमक्या त्याच सुमारास पेलिकन खोऱ्यात एडगर हॉवेल हा चोरटा शिकारी बायसन (गव्यासारखा अमेरिकी रानटी प्राणी) मारताना पकडला गेला. उद्यानाचा कारभार तेव्हा लष्कराकडे होता आणि कायद्यात अशा माणसाला उद्यानाबाहेर घालवण्यापलीकडे फारशी शिक्षा नव्हती. हफच्या वृत्तांताने खळबळ उडाली आणि ७ मे १८९४ रोजी उद्यानातील प्राण्यांना संरक्षण देणारा लेसी कायदा मंजूर झाला. हिवाळ्यात तेथे वार्ताहर आणि कॅमेरा नसता, तर हे प्रकरण लष्करी चौकीच्या दप्तरातच पडून राहण्याची शक्यता अधिक होती.

सामान्य पर्यटक आत पोचू लागला तो यंत्रांमुळे. वेस्ट यलोस्टोन गावातून १९५५ मध्ये बॉम्बार्डिये बनावटीचे स्नोकोच सुरू झाले, १९६३ मध्ये पहिल्या स्नोमोबिल आल्या आणि १९७१ मध्ये ओल्ड फेथफुल येथील स्नो लॉज हिवाळ्यातही उघडे राहू लागले. पुढे गर्दी इतकी वाढली की जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचा निळा धूर पश्चिम प्रवेशद्वारावर साचून राहू लागला. तिकीटखिडकीत बसणाऱ्या रेंजरांसाठी (उद्यानरक्षकांसाठी) बाहेरून ताजी हवा सोडावी लागे. काही जण तोंडावर गाळणीचे मुखवटे चढवून काम करत. २००१ मध्ये क्लिंटन प्रशासनाने स्नोमोबिल टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले, बुश प्रशासनाने ते फिरवले, आणि वॉशिंग्टन व वायोमिंग येथील न्यायालयांनी एकमेकांविरुद्ध जाणारे निकाल दिले. २०१३ च्या नियमाने वाद बऱ्यापैकी मिटला. त्यात गाड्या सुट्या मोजण्याऐवजी गट मोजले जातात : दिवसाला जास्तीत जास्त ११० गट, त्यांपैकी स्नोमोबिलचे ५० पर्यंत. धूर व आवाज यांवरही मर्यादा आहेत. शांततेला सरकारी नियमात मोजमाप मिळाल्याचे उदाहरण म्हणून हा नियम अभ्यासण्यासारखा आहे.

छायाचित्रकारांचे लक्ष प्रामुख्याने बायसन आणि लांडगा यांच्याकडे असते. १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून येथे सोडण्यात आले आणि लामार खोरे लांडगे पाहणाऱ्यांची पंढरी बनले. उजाडताच रस्त्याच्या कडेला दुर्बिणी मांडल्या जातात. लांडगा दिसतो खरा, पण पुष्कळदा इतक्या लांब की मोठ्या टेलिफोटो लेन्समध्येही तो ठिपकाच राहतो. जवळून टिपलेल्या चित्रामागे बहुधा दिवसेंदिवसांचे थांबणे असते. बायसन त्या मानाने उदार. खांद्यावरच्या उंचवट्यातील स्नायूंच्या बळावर तो जड डोके डावी-उजवीकडे झुलवत बर्फ बाजूला सारतो आणि खालचे वाळके गवत काढतो. नाकपुड्यांतून निघालेली वाफ भुवयांवर व दाढीवर गोठत जाते. हिवाळी यलोस्टोनचे सर्वांत ओळखीचे चित्र हेच. त्या गवतात सत्त्व थोडे, म्हणून प्राणी शरीरातील चरबी पुरवून पुरवून वापरतात. माणसाच्या हव्यासापायी त्यांना विनाकारण पळावे लागले तर त्याची किंमत उन्हाळ्यापेक्षा फार जास्त असते. अस्वल, लांडगा व प्यूमा यांच्यापासून किमान ९१ मी. आणि इतर प्राण्यांपासून २३ मी. अंतर ठेवणे बंधनकारक आहे.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने बर्फ फसवा असतो. प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे धरून चालतो, त्यामुळे स्वयंचलित मोजणीत पांढरा बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला प्रकाश) एक ते दीड स्टॉपने वाढवले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) की तो पांढरा होतो, मात्र फार वाढवले तर पोत नाहीसा होतो. काळपट बायसन चौकट व्यापून उभा असेल तर हा हिशेब पुन्हा बदलतो. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालतात, म्हणजे दव काचेऐवजी पिशवीवर धरते. गायझरच्या तुषारांत सिलिका असते. लेन्सवर पडलेला थेंब तसाच वाळला तर काचेवर चिवट डाग राहतो, म्हणून तो लगेच टिपून घ्यावा लागतो. कडाक्याच्या थंडीत वाफ जास्त घट्ट दिसते. स्तंभ भव्य होतो, पण त्यातली पाण्याची धार हरवून जाते. तिरपे ऊन किंवा थोडा वारा असेल तरच ती वेगळी उमटते.

भूऔष्णिक भागात बर्फाखालची जमीन पातळ कवचासारखी असू शकते, त्यामुळे फळ्यांची वाट सोडण्यास मनाई आहे. ड्रोन उडवण्यावर २०१४ पासून बंदी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या कायद्यानुसार, आठ किंवा त्याहून कमी जणांच्या गटाला लोकांसाठी खुल्या जागी, इतरांना अडथळा न करता, छायाचित्रणासाठी परवाना वा शुल्क लागत नाही. छायाचित्रे विकायची असली तरीही.