थरथरीवर चालणारे सेन्सर

गॅस पेटवायच्या लायटरमध्ये बॅटरी नसते. खटका दाबला की आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, क्षणभर काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. दाबल्यावर वीज देण्याचा हा गुण जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टुर्मलिन अशा स्फटिकांत दाखवून दिला. त्यालाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात.

या स्फटिकांत धन आणि ऋण भारांची मांडणी अशी असते, की दाबल्यावर दोन्हींचे मध्य एकमेकांपासून सरकतात आणि पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो. मात्र दाब नुसता धरून ठेवला तर पुढे काही मिळत नाही. वीज मिळत राहायची असेल तर दाब सतत बदलत राहायला हवा, आणि कंपनात नेमकं तेच होतं. मोटार, पंप, पूल, रेल्वेचा डबा, सगळं अहोरात्र थरथरत असतं आणि ती ऊर्जा अखेर उष्णता होऊन विरून जाते.

तिचा अंश पकडणारं उपकरण दिसायला अगदी साधं असतं. सिलिकॉनची काही मिलिमीटर लांबीची पट्टी, तिच्यावर पीझेडटी नावाच्या पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर, एक टोक घट्ट बसवलेलं आणि मोकळ्या टोकावर इवलंसं वजन. यंत्र थरथरलं की पट्टी वरखाली वाकते, थर ताणला-दाबला जातो आणि उलटसुलट वाहणारी वीज मिळते. ती एका दिशेची करून कॅपॅसिटरमध्ये साठवायची.

किती मिळते? समजा, २० मायक्रोवॅट. एवढ्यावर ९ वॅटचा एक दिवा लावायचा तर अशी साडेचार लाख उपकरणं लागतील! म्हणूनच चालणाऱ्यांच्या पावलांवर शहरं उजळण्याच्या गोष्टी मला पटत नाहीत. शिवाय पायाखालची फरशी जी ऊर्जा घेते, ती चालणाऱ्याच्याच शरीरातून येते.

हिशेब दुसऱ्या बाजूने केला की मात्र चित्र पालटतं. एखादा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. जागा होऊन तो तापमान मोजतो आणि रेडिओवरून पाठवतो. त्याला १० मिलिसेकंद ३० मिलिवॅट लागले असं धरलं, तर खर्च होतो ३०० मायक्रोज्यूल. आपली पट्टी तेवढी ऊर्जा १५ सेकंदांत जमवते. म्हणजे दर मिनिटाला एक नोंद सहज परवडते, गळती धरूनसुद्धा. जिथे बॅटरी बदलायला माणूस पोहोचणं अवघड किंवा धोक्याचं, तिथे या एवढ्याशा विजेचं मोल फार मोठं आहे.

खरी अडचण स्फटिकाची नाही, सूर जुळण्याची आहे. प्रत्येक पट्टीची स्वतःची वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरायचं याचा ठरलेला आकडा (तो हर्ट्झमध्ये मोजतात), आणि यंत्राची वारंवारता तिच्याशी जुळली तरच ती जोरात हलते. थोडा फरक पडला तरी वीज झपाट्याने घटते. प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून टोक छेडून पाहा: बाहेर जितकी कमी, तितकी ती जलद थरथरते. उपकरण लहान करताना हेच आडवं येतं. चिमुकल्या पट्टीची वारंवारता हजारो हर्ट्झपर्यंत जाऊ शकते, पण आजूबाजूची कंपनं बहुतेक २०० हर्ट्झच्या खालची. म्हणून टोकाला टंगस्टनसारखं जड वजन लावतात, नाहीतर चुंबक वापरून पट्टीला एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारायला लावतात. त्या मानाने ट्रान्सफॉर्मरवर पट्टी बसवणं सोयीचं. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचा गाभा १०० हर्ट्झने थरथरतो आणि त्या आकड्यात फारसा बदल होत नाही.

शरीराच्या आतही हे तंत्र पोहोचलं आहे. गाय, मेंढी यांसारख्या प्राण्यांच्या हृदयावर लवचीक पीझेडटी पट्ट्या बसवून धडधडीतून वीज मिळवल्याचं संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पेसमेकरची बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ती टळली तर रुग्णाला केवढा दिलासा! पण पीझेडटीत वजनाने निम्म्याहून अधिक शिसं असतं, त्यामुळे शिसेविरहित पदार्थांचा शोध जोरात चालू आहे.

टिकाऊपणाचा प्रश्नही आहेच. १०० हर्ट्झने थरथरणारी पट्टी वर्षभरात ३०० कोटींहून अधिक वेळा वाकते, आणि सिरॅमिक ठिसूळ असतं. ज्या बॅटरीची जागा घ्यायची, तिच्यापेक्षा ही पट्टी जास्त वर्षं टिकली तरच तिचा उपयोग.