मिग ॲली

मिग ॲली : कोरियन युद्धातील (१९५०–५३) जेट विमानांच्या झुंजींमुळे प्रसिद्धी पावलेला, उत्तर कोरियाच्या वायव्य कोपऱ्यावरील हवाई टापू. यालू नदी पीत समुद्राला मिळते तेथून दक्षिणेकडे त्याची व्याप्ती धरतात. नाव अमेरिकी वैमानिकांनी रूढ केले. सोव्हिएट बनावटीच्या मिग-१५ या लढाऊ जेट विमानांचे मुख्य तळ नदीपलीकडे, चीनमधील आंतुंगच्या परिसरात होते. नदी ओलांडण्यास अमेरिकी वैमानिकांना मनाई होती. ती नेहमीच पाळली गेली असे नाही.

जेटने जेट पाडल्याची पहिली घटना कोणती, हे वादग्रस्त आहे. १ नोव्हेंबर १९५० रोजी सोव्हिएट वैमानिक सेम्यॉन खोमिनिच याने अमेरिकी एफ-८० जेट विमान पाडल्याचा दावा केला. अमेरिकी नोंदींनुसार ते विमान जमिनीवरील तोफांनी पडले. ८ नोव्हेंबरला रसेल ब्राउन याने मिग पाडल्याची अमेरिकी नोंद आहे, तर सोव्हिएट कागदपत्रांनुसार ते मिग तळावर परतले. दोन्हीकडच्या नोंदी जुळतात त्या ९ नोव्हेंबरच्या झुंजीपाशी. तीत अमेरिकी नौदलाच्या विल्यम एमेन याने पँथर विमानातून मिग पाडले. त्यामुळे हीच तारीख अधिक ग्राह्य वाटते.

मिग अधिक उंची गाठे आणि त्याच्या ३७ व २३ मिमी. तोफा बॉम्बफेकी विमानांना घातक होत्या. अमेरिकी एफ-८६ सेबर या लढाऊ जेटकडे सहा मशीनगन होत्या, पुढे रडारने अंतर मोजणारे नेमयंत्रही आले. तीव्र वळणांत शुद्ध टिकवणारा जी-सूट अमेरिकी वैमानिकांना मिळे, सोव्हिएट वैमानिकांना नव्हे. अमेरिकी हवाई दलाने ७९२ मिगच्या मोबदल्यात ७८ सेबर गमावल्याचे, म्हणजे १० ला १ असे प्रमाण सांगितले. सोव्हिएट दफ्तरे खुली झाल्यावर ते बरेच खाली आले; सोव्हिएट वैमानिकांपुरते पाहता तर फारच. हे प्रमाण केवळ कौशल्याचे माप मानणे सयुक्तिक नाही. मिगचे पहिले काम अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमाने अडवण्याचे होते. २३ ऑक्टोबर १९५१ च्या, उत्तर कोरियातील नामसीवरील मोहिमेतील हानीनंतर ती विमाने दिवसा पाठवणे अमेरिकेने थांबवले, आणि हे यश त्या प्रमाणात कोठेच मोजले जात नाही. उलट सेबरचा वैमानिक मिगच्याच शोधात येई. पाच विमाने पाडणारा ‘एस’ ठरे. जेम्स जबारा २० मे १९५१ रोजी जेटवरील पहिला अमेरिकी एस झाला. बहुसंख्य वैमानिकांच्या खात्यावर मात्र एकही विमान नाही.

बदलीची पद्धत निर्णायक ठरली असावी. अमेरिकी वैमानिक साधारण १०० उड्डाणांनंतर एकेक करून परतत, त्यामुळे तुकडीत जुने-नवे एकत्र राहत. सोव्हिएट डिव्हिजन (मोठे हवाई पथक) संपूर्णच बदले. इव्हान कोझेदूबच्या नेतृत्वाखालील ३२४ वी डिव्हिजन १९५२ च्या आरंभी परतली, तेव्हा तिचा अनुभवही तिच्यासोबत गेला. खुद्द कोझेदूबला लढाऊ उड्डाणाची परवानगी नव्हती. सोव्हिएट सहभाग गुप्त असल्याने समुद्रावर जाण्यास बंदी होती. रेडिओवर रशियन न बोलण्याचा सुरुवातीचा हुकूम तर झुंजीच्या धांदलीत टिकलाच नाही. निष्णात मिग वैमानिकाला अमेरिकी ‘होंचो’ म्हणत. हा शब्द जपानी ‘हांचो’ (गटप्रमुख) वरून आला.

चिनी व उत्तर कोरियन वैमानिक जेटच्या अल्प सरावावर लढाईत उतरले. सर्वांत आधी मिग घेऊन येणाऱ्याला एक लाख डॉलरचे आमिष अमेरिकेने एप्रिल १९५३ मध्ये जाहीर केले. उत्तर कोरियाचा नो कुम-सोक युद्धविरामानंतर, २१ सप्टेंबर १९५३ रोजी दक्षिण कोरियातील किम्पो तळावर मिग घेऊन उतरला. बक्षिसाची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे त्याने सांगितले.