ज्वरजन्य आकडी : आनुवंशिक व प्रतिकारविषयक घटक

मेंदूला जंतुसंसर्ग झालेला नसताना, साधारण ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना तापात येणारे झटके. यूरोप-अमेरिकेत २ ते ५ टक्के, तर जपानात ६ ते ९ टक्के मुलांत आढळतात. साधा प्रकार सर्वांगाचा असतो, १५ मिनिटांच्या आत थांबतो व २४ तासांत पुन्हा येत नाही.

सुमारे २५ ते ४० टक्के मुलांच्या घरात असा पूर्वेतिहास सापडतो. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक समाजांत असल्याने आकडीचा दोष या रीतीवर ढकलण्याचा मोह होतो. मात्र नात्यातील विवाहाने मुख्यतः अप्रभावी (आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होणारे) विकार वाढतात. ही आकडी काही घराण्यांत प्रभावी (एकाच पालकाकडून आलेले सदोष जनुक पुरते अशा) पद्धतीने, बहुतेकांत बहुजनुकीय (अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाच्या) पद्धतीने उतरते.

१९९७ मध्ये शेफर व बर्कोविक यांनी ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या कुटुंबावरून सहा वर्षांनंतरही टिकणाऱ्या ज्वरझटक्यांचे वर्णन केले. पुढे अशा कुटुंबांत चेतापेशींच्या सोडियम मार्गिकांची (सोडियम पेशीत शिरण्याच्या वाटांची) एससीएन१बी (१९९८) व एससीएन१ए (२०००) ही जनुके दोषी ठरली. यांपैकी दुसऱ्यातील, बहुधा नव्यानेच उद्भवलेला बिघाड ड्राव्हे लक्षणसमूहात (तान्हेपणी सुरू होणाऱ्या तीव्र अपस्मारात) दिसतो.

साध्या आकडीचा उलगडा यावरून पुरता होत नाही. ताप चढवणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन चेतापेशींनाही उत्तेजित करते. त्याचा ग्राही (पेशीवर ते जिथे चिकटते ते प्रथिन) नसलेल्या उंदरांच्या पिलांना तापमान वाढवूनही झटके सहजी येत नाहीत, असे २००५ मध्ये दिसले. माणसांत इंटरल्यूकिन-१ बीटाच्या जनुकातील –५११ या स्थानावरील फरकाचा आकडीशी दुवा फिनलंडमध्ये (२००२) आढळला. नंतर काही देशांत तो मिळाला, काहींत नाही. नमुने लहान असल्याने या वादापेक्षा डेन्मार्कमधील संपूर्ण जनुकसंचाचे अभ्यास अधिक भरवशाचे वाटतात. २०१४ मध्ये त्यांत गोवर-गालगुंड-रुबेला लशीनंतरच्या आकडीशी आयएफआय४४एल व सीडी४६ ही प्रतिकारविषयक जनुके जोडली गेली. सीडी४६ हा गोवराच्या लसविषाणूचाच ग्राही आहे. २०२२ मध्ये ताप चढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन ई२ च्या ग्राहीचे जनुकही यादीत आले.

आपल्याकडे गोवर-रुबेला लशीची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत, म्हणजे आकडीच्या ऐन वयात येते. लशीचा ताप बहुधा दुसऱ्या आठवड्यात चढतो. तरीही लस टाळू नये; खुद्द गोवरात झटक्यांचा धोका कितीतरी जास्त असतो.

लेकराला आकडी आली की शेजारची कोणी कांदा फोडून नाकाशी धरते, कोणी दातखीळ उचकटायला चमचा शोधते. बहुतेक झटके दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत न थांबल्यास १०८ ला फोन करावा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण पुढची आकडी टळतेच असे नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते. पहिली दीड वर्षाच्या आत, कमी तापातच आलेली असेल किंवा सख्ख्या नात्यात इतिहास असेल, तर शक्यता वाढते.