४१० की ४१५? मोटर लावलेल्या सायकलची चेन निवडताना आणि रेषेत आणताना

मोटर बसवलेल्या सायकलला बहुतेक वेळा दोन चेन असतात: उजवीकडे पायडलची, डावीकडे मोटरची. पायडलची चेन म्हणजे साध्या सायकलची ४१० नंबरची. मोटरची कधी तीच असते, कधी ४१५. दोन्हींचं पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच (१२.७ मिमी), आणि रोलरची (दातांवर बसणाऱ्या गोल नळीची) जाडी जवळपास सारखीच. फरक आहे तो आतल्या रुंदीत, फक्त दीड मिलिमीटरचा. म्हणूनच दुकानात ‘अर्ध्या इंचाची चेन द्या’ एवढंच सांगितलं, तर हातात कुठलीही पडू शकते.

वर्कशॉपमधलं सुताचं माप माहीत असेल तर हे आकडे सहज वाचता येतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिला आकडा पिचचा: ४ सूत, म्हणजे अर्धा इंच. पुढचे दोन आतल्या रुंदीचे: १० म्हणजे एक सूत (३.१८ मिमी), १५ म्हणजे दीड सूत (४.७६ मिमी), २० म्हणजे दोन सूत (६.३५ मिमी). मोटारसायकलींवर दिसणारी ४२८ मात्र या हिशोबात बसत नाही. तिची रुंदी अडीच सूत आणि रोलरही जाड, ८.५१ मिमी. पिच जुळतंय म्हणून ती सायकलला लावू नये.

निवड स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, दाताकडे बघून करावी, चेनच्या दणकटपणाकडे बघून नाही. फ्रेममध्ये बसणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनच्या किटमध्ये साधारणपणे पुढे १० दात, मागे ४४ दात आणि ४१५ चेन येते. त्या स्प्रॉकेटचे दात ४१५ साठीच जाड ठेवलेले असतात. त्यावर ४१० चढवली तर चेन खाली बसतच नाही, तिच्या बाजूच्या पट्ट्या दातांच्या टोकांवर राहतात. याउलट २५० वॅटच्या गिअरवाल्या इलेक्ट्रिक मोटरला बहुधा ९ दातांचं स्प्रॉकेट असतं आणि ते सायकलच्याच चेनसाठी बनवलेलं असतं. तिथे ४१० योग्य.

‘४१५ घाल, मजबूत असते’ हा सल्ला बऱ्याचदा मिळतो, आणि तो अर्धाच खरा आहे. रुंद चेनचा बुश (पिनभोवतीची नळी) लांब असतो, म्हणून पिन सावकाश झिजते, हे बरोबर. पण ओढ सहन करण्याची ताकद येते पट्टीच्या जाडीतून आणि पिनच्या व्यासातून. शिवाय ४१० च्या पातळ दातांवर ४१५ घातली की चेनला दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळते. ती चालते, आवाजही फारसा करत नाही, आणि स्प्रॉकेट रेषेत नाही हे कळतच नाही. मग एखाद्या खड्ड्यात चेन सैल पडते आणि उतरते. डावीकडची चेन उतरून स्पोकमध्ये अडकली तर चाक जागीच जाम होतं. चालत्या सायकलवर हे जिवावर बेतू शकतं. म्हणून माझ्या मते पातळ दाताला अरुंद चेनच लावावी. तिथे चूक लवकर ऐकू येते आणि वेळेत दुरुस्त करता येते.

रेषेत नसणं हेही दोन तऱ्हांचं असतं आणि या दोन्हींची गल्लत होते. एक म्हणजे सरकलेलं: दोन्ही स्प्रॉकेट समांतर, पण एक आत, एक बाहेर. यात घासल्याच्या खुणा पुढच्या आणि मागच्या दातांच्या विरुद्ध बाजूंना दिसतात. उपाय सोपा: वॉशर घालणे, किंवा मागचं स्प्रॉकेट बशीसारखं खोलगट असेल तर ते उलटं करून बसवणे.

दुसरं म्हणजे तिरकं: मोटरच वाकडी बसलेली. वॉशर कितीही घातले तरी हे सुटत नाही. अनेकदा मोटरचा ब्रॅकेट सायकल उभी असताना सरळ दिसतो आणि ओढ आली की पिळतो. बॅटरी काढून, इंजिन असेल तर बंद ठेवून, वरची चेन हाताने जोरात खाली दाबा आणि ब्रॅकेटकडे बघा. हलला, तर आधी त्याला आधाराची पट्टी द्या.

रेष तपासायला ताणलेला दोरा पुरतो. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला टेकवून तो पुढे न्यायचा. माप दाताच्या मध्यापर्यंत घ्यायचं, काठापर्यंत नाही, कारण दोन्ही स्प्रॉकेटची जाडी सारखी असेलच असं नाही. पण त्याआधी चाक आऊट नाही ना, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलत नाही ना, ते बघा. इंजिन किटचं मागचं स्प्रॉकेट रबरच्या चकत्यांमध्ये स्पोकवर आवळलेलं असतं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले नाहीत तर ते डगमगतं, आणि डगमगणाऱ्या स्प्रॉकेटला रेष अशी नसतेच.

ताण ठरवताना खरी अडचण येते. चाक मागे ओढून डावी चेन ताणली की उजवीही ताणली जाते, कारण आस एकच. म्हणून चाक सरकवून पायडलची चेन ताणून घ्यावी आणि मोटरची चेन मोटर पुढेमागे करून ताणावी. चाक एक पूर्ण फेरा फिरवून चेन सर्वांत घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथे बारा-पंधरा मिमी खेळ (वरखाली हलण्याइतका ढिलेपणा) ठेवा.

इंजिन किटला खालच्या बाजूला टेन्शनरची (चेन ताणून धरणारी) पुली देतात. डावीकडे फ्रीव्हील (चाकाला एकाच दिशेने मोकळं फिरू देणारा भाग) नसल्यामुळे थ्रॉटल सोडला की चाकच इंजिनाला ओढतं, खालची चेन ताठ होते आणि सगळा जोर त्या पुलीवर येतो. तिचा क्लॅम्प फिरला तर पुली थेट स्पोकमध्ये जाते. म्हणून दांडीवर तिची पकड पक्की हवी. फ्रीव्हीलवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक मोटरला हा धोका नाही.

चेनच्या लॉकची (जोडकडीवरच्या क्लिपची) बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, ४१० असो वा ४१५. तेच माप एक सूत वाढलं की चेन बदला, आणि पुढचं ९ किंवा १० दातांचं स्प्रॉकेटही त्याच वेळी बदला.